सुर्जीचा दुसरा तह

वऱ्हाडांतल्या शाळेंत ज्यानें इतिहास शिकविला, त्याला सुर्जी-अंजनगांव हें नांव तोंडपाठ असतेंच. इ. स. १८०३ च्या डिसेंबर महिन्याच्या १५ तारखेस गाविलगड पडला, १७ तारखेस नागपूरकर भोसल्यांचा देवगांवास तह झाला, आणि ३० तारखेस दौलतराव शिंद्यांचा सुर्जी-अंजनगांवास तह होऊन गंगा-यमुनांमधला दुआब, भडोच आणि अहमदनगर इंग्रजांच्या पदरांत पडलें. हीं तीन नांवें पस्तीस वर्षें आम्हीं फळ्यावर लिहिलीं. त्याच गांवीं एके दिवशीं आपणांस दुसऱ्या एका तहाचीं कलमें ठरवावीं लागतील, आणि तींहि वाघळांशीं, हें मात्र कधीं स्वप्नांतहि आलें नव्हतें.

सुर्जी हें आमच्या थोरल्या भगिनीचें, अक्कांचें, सासर. घर जुनें, सागवानी कडीपाटाचें, वर कवेलू. घरांत लहानमोठीं सतरा माणसें. गेल्या श्रावणांत भाच्याचा फोन आला. त्याच्या मुलीचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें. घराला रंग द्यावयाचा, मंडप घालावयाचा, व्याह्यांची उतरण्याची सोय करावयाची. आणि माजघरावरच्या माळ्यांत वाघळांनीं बिऱ्हाड केलेलें. भिंतीवर ओघळ, खालीं लेंड्या, दिवेलागणीस डोक्यावर फडफड. भाचा म्हणाला, "मामा, उद्यां गवंडी येतो आहे. वळचणीची सांद सिमेंटनें बुजवून टाकतों. एकहि वाघूळ मारायचें नाहीं. तीं बाहेर गेल्यावरच बुजवायचें. एवढें बरोबर आहे ना?"

आम्हीं म्हटलें, "बरोबर नाहीं. दसरा होईपर्यंत त्या सांदीला हात लावूं नकोस."

तो गप्प झाला. लग्नघर, आणि दोन महिने थांबणें! तो रागावला असावा, कारण फोन लगेच अक्कांच्या हातीं गेला. "भाऊ, तूं म्हणतोस तर थांबतों," त्या म्हणाल्या, "पण अक्षतांबरोबर लेंड्या पडल्या तर झाडायला तुलाच उभा करीन."

आम्ही इतके ठाम कां होतों हें तेव्हां सांगितलें नाहीं. तें आतां सांगतों.

बारा वर्षांपूर्वीं आमच्या स्वतःच्या घरीं हाच प्रसंग आला होता. दिवस आषाढाचे. पूर्वेच्या भिंतीच्या वळचणीखालून तिन्हीसांजेस वाघळें निघत. आम्हीं भाच्याचीच युक्ति केली. हातांत विजेरी घेऊन उभे राहिलों, शेवटचें वाघूळ गेलेसें पाहून शिडी लावली, भोकांत चिंध्या कोंबल्या आणि वरून गिलावा दिला. एकहि जीव दुखावला नाहीं याचा मोठा अभिमान वाटला; रात्रीं जेवतांना अहिंसेवर चार शब्दहि बोललों. पहाटे जाग आली ती चिरचिरीनें. पाहतों तों पंधरावीस वाघळें त्या ओल्या गिलाव्यावर सरपटत आहेत, उडत आहेत, पुन्हां येऊन बिलगत आहेत. आणि भिंतीच्या आंतून बारीक चिवचिव चालली आहे. उजाडल्यावर तीं गेलीं. दुसऱ्या पहाटे पुन्हां आलीं. आम्हीं मनाशीं म्हटलें, सवय आहे, सुटेल. तिसऱ्या दिवशीं आंतला आवाज थांबला. चौथ्या दिवशीं वास सुटला तेव्हां आम्हीं गिलावा फोडला. आंत पिल्लें होतीं, अंगावर केंस न आलेलीं. आम्हीं तेरापर्यंत मोजलीं आणि पुढें मोजलीं नाहींत. आमच्या कुटुंबानें त्या दिवशीं एकच वाक्य उच्चारलें: "पाळणा आंत ठेवून तुम्हीं दाराला कुलूप घातलेंत."

त्यानंतर या प्राण्याविषयीं जें वाचावयास मिळालें तें आम्हीं वाचलें, आणि अनेक संध्याकाळीं अंगणांत उभे राहून जें दिसलें तें पाहिलें. सुर्जीस जातांना गांठीशीं एवढीच शिदोरी होती.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशीं आम्ही उभयतां अकोल्याहून एस. टी. नें निघालों. पूर्णेच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्टा आहे. जमीन काळीभोर, पण विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. अकोट मागें पडलें कीं देखावा पालटतो. ओलिताच्या बागा दिसूं लागतात आणि उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ उभी राहते. अंजनगांव येईपर्यंत ती डाव्या हाताची सोबत सोडीत नाहीं. कपाशीचीं बोंडें नुकतीं उकलूं लागलीं होतीं. पूर्वीं येथें येण्यास मुर्तिजापुराहून अचलपुराकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी होती. लोक तिला शकुंतला म्हणत. अक्कांच्या लग्नाचें वऱ्हाड त्याच गाडीनें गेलें होतें, आणि वाटेंत गाडी इतकी सावकाश चालली होती कीं मुलांनीं उतरून बोरें वेंचलीं, अशी आमच्या घरांतली कथा आहे. ती गाडी आतां बंद पडली आहे.

अंजनगांव आणि सुर्जी हीं जोडगांवें. सातपुड्यांतून उतरलेली शहानूर नदी त्यांची. सुर्जीस देवनाथ महाराजांचा मठ आहे. पण गांवाची खरी ओळख पानमळ्यांची. बारी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या येथें नागवेल जोपासली; तिच्याच जोडीनें पानपिंपरी, म्हणजे आपल्या वैद्यांची पिंपळी, हिचेंहि पीक येथें निघतें. मळ्यांची संख्या आतां पूर्वीसारखी राहिली नाहीं, परंतु जो मळा आहे त्यांत भर दुपारीं शिरलें तरी माजघरांत आल्यासारखें वाटतें: ओल, सावली, आणि हिरवा मंद उजेड. भाच्यानें पहिल्याच संध्याकाळीं आम्हांस ओळखीच्या एका मळ्यावर नेलें. ऊन उतरलें, चिलटें आणि पतंग वर येऊं लागले, आणि गांवाच्या बाजूनें एकामागून एक वाघळें येऊन मळ्यावर घिरट्या घालूं लागलीं. मळेवाले म्हातारबाबा म्हणाले, "हे रोजच येतेत जी. पानाले काई करत नाई. वरच्यावर किडे टिपतेत अन् जातेत."

भाचा त्यांकडे पाहत राहिला. हीं त्याच्याच माळ्यावरचीं असतील, हें त्याच्या ध्यानांत आलें असावें.

दुसऱ्या दिवसापासून कामास लागलों. पहिलें काम पाहण्याचें. सूर्यास्ताच्या आधीं घराच्या चारी बाजूंस चार माणसें बसविलीं. पश्चिमेच्या बाजूस भाच्याचा धाकटा मुलगा, वय वर्षें दहा, वही-पेन्सिल घेऊन बसला. सूर्य मावळल्यावर सुमारें वीस मिनिटांनीं तो ओरडला, "मामाआजोबा, एक!" मग दोन, तीन, आणि पुढें त्याला मोजणें कठीण होऊं लागलें. त्यानें त्रेचाळीस मोजलीं. दुसऱ्या बाजूंस कांहींच निघालें नाहीं. म्हणजे येण्याजाण्याची वाट एकच: पश्चिमेच्या भिंतीच्या शेंड्याला, आढ्याखालीं, कवेलू आणि भिंत यांमधली दोन बोटांची फट. घरांत लेंड्या जेथें पडतात तेथें वाट असते असें नाहीं. ती बाहेरूनच शोधावी लागते. घरभर सिमेंट भरण्यापूर्वीं दोन संध्याकाळी अशा बसून काढाव्या.

रात्रीं ओसरीवर मुलें जमलीं. एका मुलानें विचारलें, वाघूळ पक्षी कीं जनावर? हा प्रश्न फार जुना आहे. अमरकोशानें वाघळाला ‘जतुका’ आणि ‘अजिनपत्रा’ अशीं नांवें दिलीं आणि सिंहादिवर्गांत पाखरांच्या पंगतीस बसविलें. पंगत चुकली, पण नांव अचूक आहे. अजिन म्हणजे कातडें. ज्याचे पंख कातड्याचे ती अजिनपत्रा. तो पंख म्हणजे वस्तुतः हात आहे: लांब वाढलेलीं चार बोटें आणि त्यांवर ताणलेली त्वचा, आंगठा तेवढा मोकळा, भिंत धरून चढण्यास. तें पिल्लें प्रसवतें आणि दूध पाजतें. आपला ‘वाघूळ’ हा शब्द ‘वल्गुली’पासून आला, वाघाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, हें ऐकून मुलांची थोडी निराशा झाली. उलटें लटकण्यास त्याला श्रम पडत नाहींत, कारण अंगाच्या भारानेंच पायाच्या कंडरा ताणून नख्या मिटतात. सोडतांनाच काय ती मेहनत.

वाघूळ आंधळें नसतें. पण अंधारांत त्याचा भर कानांवर असतो. इटलींतल्या स्पालांझानी यांनीं अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दाखविलें कीं डोळे झांकले तरी वाघूळ दोऱ्यांना न शिवतां उडतें. कान बंद केले कीं धडकतें, हें ज्यूरीन यांच्या प्रयोगांतून दिसलें. याचा उलगडा होण्यास १९३८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत ग्रिफिन आणि पियर्स यांनीं मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा त्याचा आवाज यंत्रानें पकडला. वाघूळ ओरडतें, आवाज किड्यावर आपटून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून किडा कोठें आहे हें त्याला कळतें. तें केंसांत अडकतें ही समजूत कोठून आली हेंहि यावरून उमगतें. आपल्या डोक्यावर डांस जमतात, आणि वाघूळ येतें तें डांसासाठीं.

अक्का माजघरांतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तें सारें खरें, पण वाघळें आलीं कीं घराची लक्ष्मी जाते म्हणतात, त्याचें काय?" आम्हीं म्हटलें, "अक्का, क्रम उलटा लागला आहे. लक्ष्मी जाते, घर ओस पडतें, माळे कोणी झाडीत नाहीं, मग वाघळें येतात. तुमच्या घरीं तर सतरा माणसें आहेत. कवेलू तेवढे बरेच दिवसांत फिरविले नाहींत." कवेलू फिरविण्याचें काम भाच्याकडे होतें. त्यानें विषय बदलला.

माळ्यावरचीं वाघळें मुठींत मावतील एवढीं, पाठीस तपकिरी, पोटास पिवळट होतीं. जुन्या घरांतून राहणारी पिवळ्या वाघळांची जी जात आहे ती हीच असावी. या वाघळांचा आहार केवळ किडे. फळें खाणारीं मोठीं वटवाघळें निराळीं. तीं घरांत शिरत नाहींत, वडपिंपळावर उघड्यावर टांगून घेतात. मेळघाटांतला मोह ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेंहि ठाऊक असावें कीं मोहाचें परागीभवन आणि बीजप्रसार या दोन्हींत या फळखाऊ वाघळांचा हात असतो. तरीहि १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत फळखाऊ वाघळें दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टांत होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच काढून टाकलें.

आपल्या मुलखांत या प्राण्यांचा अभ्यास नवा नाहीं. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीनें १९११ सालीं देशांतल्या सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली तेव्हां पहिला मान खानदेशास आणि दुसरा वऱ्हाडास मिळाला. पुढें नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयांत ए. गोपालकृष्ण यांनीं १९४० नंतरच्या दशकांत वाघळांच्या गर्भवाढीवर निबंध लिहिण्यास सुरुवात केली. असल्याच अभ्यासामुळें कोणत्या जातीला पिल्लें केव्हां होतात हें आज सांगतां येतें, आणि आमच्या पापाचा अर्थहि आम्हांस तेथेंच कळला. बहुतेक जातींची मादी वर्षांतून एकदांच, एक किंवा फार तर दोन पिल्लें देते. आपल्या घरांतल्या पिवळ्या वाघळांचा प्रसूतीचा काळ पावसाळ्याच्या तोंडास येतो, कारण तेव्हां किडे उदंड. पुढले पांचसहा आठवडे पिल्लास उडतां येत नाहीं. आई त्याला बिऱ्हाडींच ठेवून चाऱ्यास जाते आणि परत येऊन पाजते. आषाढ-श्रावणांत वाट बुजविणें म्हणजे काय, हें यावरून वाचकांनीं जाणावें. सर्वच जातींचा हंगाम एक नसतो. कांहीं लहान पाकोळ्यांना वर्षांतून अनेकदां पिल्लें होतात. म्हणून महिना योग्य असला तरी, मोठीं वाघळें निघून गेल्यावर माळ्यांत विजेरीचा उजेड टाकून पाहावें आणि कान द्यावा. चिवचिव ऐकूं आली तर शिडी परत ठेवावी. आम्हीं ऐकलें. माळा निःशब्द होता.

इतका विचार वाघळाचा कशासाठीं, असें कोणी विचारील. एक कारण त्याचें आयुष्य. उंदीर वर्षादोन वर्षांत मरतो आणि तेवढ्यांत अनेक वेतें देतो. वाघूळ मात्र दीर्घायुषी. सायबेरियांत खूण करून सोडलेलें एक लहानगें, सातएक ग्रॅम वजनाचें वाघूळ ४१ वर्षांनीं जिवंत सांपडलें आहे. वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या प्राण्याचा एक हंगाम बुडाला तर ती तूट भरण्यास वर्षें लागतात. दुसरें कारण आपलीं शेतें. २००६ सालीं टेक्सास प्रांतांतल्या आठ जिल्ह्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तेथील वाघळें कपाशीच्या बोंडअळीचे पतंग खाऊन शेतकऱ्यांचें दरसाल सुमारें ७ लक्ष ४० हजार डॉलरचें काम करतात असें त्यांत आढळलें. आमच्या वऱ्हाडांत २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें कपाशी खाल्ली, आणि त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें शेतकरी आणि मजूर दगावले. वाघळें ठेवलीं कीं बोंडअळी जाईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण फुकट राबणारा रात्रीचा राखणदार आपल्या हातानें मारूं नये, एवढें तर खरें.

रोगाचें भय मात्र सर्वस्वीं खोटें नाहीं, आणि लेंकुरवाळ्या घरांनीं तें जाणून असावें. केरळांत २०१८ सालीं निपाह तापानें माणसें गेलीं. तो विषाणू वटवाघळांत असतो. महाबळेश्वरच्या गुहेंतल्या वाघळांचे नमुने २०२० सालीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें तपासले, तेव्हां त्यांतहि निपाहच्या खुणा आढळल्या. म्हणून पांखरांनीं वा वाघळांनीं उष्टावलेलें, झाडाखालीं पडलेलें फळ मुलांस खाऊं देऊं नये. वाघळास उघडा हात लावूं नये. चावलें किंवा ओरखडलें तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन श्वानदंशाच्या लशीविषयीं विचारावें. जमीनीवर पडलेलें वाघूळ बहुधा आजारी असतें. मुलें नेमकीं त्यालाच उचलावयास जातात.

आतां मूळ काम. गवंडी आला तो म्हणाला, "मास्तर, मिरचीची धुरी द्या. घंटाभरात पयतात सारे." त्याला समजावून सांगितलें. धुरानें वाघळें बाहेर जात नाहींत, अधिक खोल सांदींत शिरतात किंवा गुदमरून खालीं माणसांत पडतात. आणि सागवानी माळ्याखालीं विस्तव करणें हें लग्नघरास शोभत नाहीं. डांबराच्या गोळ्यांचा वास वाघळांपूर्वीं घरांतल्या दमेकऱ्यांस बाधतो. वाघूळ हांकलूं नये; त्याला त्याच्या वेळेस जाऊं द्यावें आणि परतीची वाट तेवढी बंद करावी.

पहिल्यानें आम्हीं मुख्य फट सोडून बाकीच्या सर्व लहान फटी भरविल्या. करंगळीचें टोंक जेथें जाईल तेथें वाघूळ जाऊं शकतें, हें माप गवंड्यास दिलें. मग अक्कांची जुनी मच्छरदाणी मागितली. तिचा दीड हात रुंद, दोन हात लांब तुकडा कापून मुख्य फटीवर पडद्यासारखा लावला; वरची कड आणि दोन्ही बाजू लांकडी पट्टीनें ठोकल्या, खालची कड मोकळी सोडली, आणि कापड भिंतीपासून किंचित् सुटें ठेवलें. वाघूळ फटींतून निघतें, भिंत आणि कापड यांमधून खालीं सरपटतें आणि मोकळ्या कडेशीं येऊन उडतें. परत येतांना तें जुन्या जागींच येतें, फटीचा वास घेतें, कापडावर चढतें. पण खालून वर शिरावें हें त्याला सुचत नाहीं. कापडाचीं भोकें बारीक हवींत, नाहींतर नख्या अडकतात. असा पडदा सात रात्री ठेवावा, कारण सगळीं वाघळें रोज निघतात असें नाहीं. भर थंडींत तीं कांहीं रात्री आंतच निजून राहतात, म्हणून पौष-माघापेक्षां आश्विन-कार्तिक बरा. दिवाळीची झाडलोट आणि हें काम एकाच मोसमांत येतें, ही गृहिणींची सोयच म्हणावयाची.

पहिल्या रात्रीं एकेचाळीस निघालीं. दुसऱ्या रात्रीं दोन. तिसऱ्या रात्रीं पडद्याखालून एकहि निघालें नाहीं, आणि आम्ही निश्चिंत होऊन पानावर बसलों. पहिला भात संपतो न संपतो तोंच माजघरांत किंकाळी उठली. मागें राहिलेल्या एकानें दुसरी वाट शोधली होती. कडीपाटाच्या दोन फळ्यांमधून उतरून तें थेट माजघरांत गरगर फिरूं लागलें. धाकट्या सूनबाई पदर डोक्यावर घेऊन खालीं बसल्या, मोठ्या मुलानें झाडू उचलला, आणि वर पंखा भरवेगानें चाललेला. चूक आमचीच. बाहेरच्या फटी आम्हीं पाहिल्या, आंतल्या पाहिल्या नव्हत्या. आम्हीं ओरडून आधीं पंखा बंद करविला. पंख्याच्या पात्यांनीं मेलेलीं वाघळें आम्हीं पाहिलीं आहेत. मग दिवे मालविले, अंगणाकडचें दार आणि दोन्ही खिडक्या उघडल्या, आंतलीं दारें लावलीं, आणि सर्वांस ओसरीवर नेलें. मुलें श्वास रोधून अंधारांत उभीं राहिलीं. दहा मिनिटांनीं दारांतून एक सावली निघून गेली. "चव्वेचाळीसावें!" मुलगा म्हणाला. पहिल्या मोजणींत त्याचें एक चुकलें असावें. कोपऱ्यांत बसून राहिलेलें वाघूळ असेल तर त्यावर डबा पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा, आणि बाहेर झाडाच्या खोडाशीं उंचावर सोडावें. पुष्कळ वाघळांना जमिनीवरून उडतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं फळ्यांमधल्या फटी पट्ट्या ठोकून बंद केल्या. पुढें चार रात्री कांहीं निघालें नाहीं. आठव्या दिवशीं भाचा स्वतः माळ्यावर चढला, प्रत्येक कोपरा पाहिला, आणि मग पडदा काढून फट चुन्यावाळूनें बुजविली. लेंड्या काढतांना आधीं पाणी शिंपडलें आणि सर्वांनीं नाकातोंडास फडकीं बांधलीं. ती सुकी धूळ उडाली तर फुप्फुसांचा बुरशीचा रोग होऊं शकतो. दोन टोपल्या निघाल्या. त्या परसांतल्या खताच्या खड्ड्यांत गेल्या.

पण त्या आठ दिवसांतली एक गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नव्हती. पडदा लावल्याच्या पहिल्या पहाटे आम्ही तीन वाजतां उठून पश्चिमेच्या भिंतीखालीं जाऊन उभे राहिलों. वाघळें परत येत होतीं, पडद्यावर बसत होतीं, शोधीत होतीं. आम्हीं कान भिंतीशीं लावला. आंत कांहीं नव्हतें. तरी पाय हलेनात. थोड्या वेळानें मागें चाहूल लागली. आमचें कुटुंब शाल घेऊन उभें होतें. तिनेंहि भिंतीला कान लावला. मग म्हणाली, "पाळणा रिकामा आहे. चला आंत." बारा वर्षांत तो विषय आमच्यांत निघाला नव्हता.

पूर्वेकडे उजाडूं लागलें तेव्हां वाघळें एकेक करून अंगण ओलांडून गेलीं. कांहीं परसाकडे वळतांना दिसलीं. अक्कांच्या परसांत जुना गोठा आहे. गुरें केव्हांच गेलीं, आंत मोडक्या खाटा आणि कडब्याची धूळ आहे, वर कवेलू. भाच्याचा बेत दिवाळीपूर्वीं त्यावर पत्रे घालण्याचा होता. तो बेत त्यानें आपण होऊन पुढें ढकलला, आणि मुलानें निघण्याच्या आदल्या रात्रीं वहींत तहाचा मसुदा लिहून आणला. कलम पहिलें: माजघर माणसांचें. कलम दुसरें: गोठा वाघळांचा. कलम तिसरें: आषाढ ते भाद्रपद कोणीं कोणाचें घर बुजवूं नये. खालीं एका बाजूस अक्कांची सही घेतली होती. दुसऱ्या बाजूस जागा सोडली होती, कारण दुसरा पक्ष रात्रीं येणार होता. सुर्जीच्या पहिल्या तहांत एकाच पक्षानें सारें दिलें. यांत दोघांसहि कांहीं मिळालें, एवढा फरक आम्हीं त्याच्या नजरेस आणून दिला.

लग्न यथासांग झालें. अक्षतांबरोबर अक्षताच पडल्या. अक्कांनीं पंगतींत आम्हांस एक जिलबी अधिक वाढली आणि झाडूविषयीं चकार शब्द काढला नाहीं. पौषांत मुलाचें पत्र आलें. फोन असतांहि त्यानें तें पोस्टानें पाठविलें, कारण तहाचीं कागदपत्रें लेखी असावीं असें आम्हींच त्यास शिकविलें होतें. त्यांत लिहिलें होतें: "सा. न. वि. वि. मामाआजोबा, थंडी आहे म्हणून रोज निघत नाहींत, पण काल गोठ्यांतून एकवीस निघालीं. बाकीचीं कोठें राहतात तें मी शोधतों आहें. बाबांनीं यंदा गोठ्याचे कवेलू फिरवायचे नाहींत असें ठरविलें आहे."